भिंतीवरचा गोंद निघता निघत नाहीये? आधी भिंतीचे थर समजून घ्या, नाहीतर गोंदासोबत गिलावाही हातात येईल

रीलमध्ये हे काम पंधरा सेकंदांत होतं. साधी पांढरी भिंत, त्यावर पटापट चिकटणारी चारकोल लूव्हर पॅनेल्स, मध्ये एक गोल आरसा, मागून एलईडीची पट्टी. खोली एकदम हॉटेलसारखी. आणि खाली कॅप्शन : 'नो ड्रिल, रेंटल फ्रेंडली.'

या रीलचा दुसरा भाग मात्र सहसा कोणी टाकत नाही. अकरा महिन्यांचा करार संपतो, घर सोडायची वेळ येते, पॅनेल ओढलं जातं आणि भिंतीवर उरतात गोंदाचे जाड, टणक पट्टे. मग प्रयोग सुरू होतात. कोणी खोबरेल तेल लावतं, कोणी थिनर आणतं, कोणी स्वयंपाकघरातला सराटा घेऊन खरवडायला लागतं. तासाभराने गोंद जागच्या जागी असतो आणि भिंतीला खड्डे पडलेले असतात. समोर घरमालक आणि अडकलेलं डिपॉझिट.

असं का होतं? बांधकामात वापरला जाणारा गोंद इतका चिवट का असतो? तो काढायची योग्य पद्धत कोणती? आणि कोणते प्रयोग घरात चुकूनही करू नयेत? एकेक करून समजून घेऊया.

मुळात गोंद भिंतीला चिकटलेलाच नसतो

ऐकायला विचित्र वाटेल, पण सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे.

आपण जिला भिंत म्हणतो, ती एकावर एक चढवलेल्या थरांची असते. सगळ्यात आत वीट किंवा ब्लॉक. त्यावर सिमेंट आणि वाळूचा गिलावा, आतल्या बाजूला साधारण १२ मिलिमीटरच्या आसपास. बऱ्याच नव्या इमारतींमध्ये त्याऐवजी जिप्समचा गिलावा असतो. त्यावर पुट्टीचा पातळ थर, ज्याला रंगारी लांबी म्हणतात. मग प्रायमर आणि सगळ्यात वर डिस्टेंपर किंवा इमल्शन रंग.

गोंद लावता तेव्हा तो चिकटतो फक्त सगळ्यात वरच्या थराला, म्हणजे रंगाला. रंग धरून असतो प्रायमरला, प्रायमर पुट्टीला, पुट्टी गिलाव्याला. ही एक साखळी आहे. साखळी ओढली की सगळ्यात कमकुवत कडी तुटते.

आणि या साखळीत गोंद ही सगळ्यात मजबूत कडी असते. त्यामुळे पॅनेल जोरात ओढलं की गोंद सुटत नाही. रंग पुट्टीपासून सुटतो, किंवा पुट्टी गिलाव्यापासून. पॅनेलच्या मागे गोंद, त्याला चिकटलेला रंग आणि त्याच्या मागे पुट्टीचा पांढरा पापुद्रा असं सगळं एकत्र निघून येतं.

म्हणजे खरा प्रश्न 'गोंद कसा विरघळवायचा' हा नाहीच. खरा प्रश्न आहे, 'यातला कोणता थर सोडून द्यायचा आणि कोणता वाचवायचा?' हे ठरवलं की काम सोपं होतं. ठरवलं नाही, तर कोणता थर जाईल ते भिंतच ठरवते.

काही गोंद विरघळतात, काही का नाही?

'बांधकामाचा गोंद' या नावाखाली वेगवेगळी रसायनं विकली जातात. त्यांच्यातला मुख्य फरक स्वयंपाकघरातल्या दोन उदाहरणांनी समजतो.

चिक्कीचा गूळ गार झाला की कडक होतो आणि पुन्हा गरम केला की मऊ पडतो. कितीही वेळा करा. भाकरीचं तसं नसतं. एकदा भाजली की तिचं परत पीठ होत नाही. पाण्यात भिजवा, गरम करा, काहीही करा.

काही गोंद गुळासारखे असतात. ते उष्णतेने किंवा योग्य द्रावकाने पुन्हा मऊ होतात. काही भाकरीसारखे असतात. सुकताना त्यांच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते आणि मग त्यांना पुन्हा पातळ करता येत नाही. त्यांना फक्त कापता किंवा खरवडता येतं.

आता कोणता गोंद कोणत्या गटातला, ते पाहूया.

पांढरा गोंद : सुतारकामात वापरला जाणारा, फेव्हिकॉलसारखा. हा पाण्यात बनवलेला असतो आणि त्याचं मूळ रसायन पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. गुळाच्या गटातला. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की साध्या प्रकारचा पांढरा गोंद फुगतो, मऊ होतो. पाण्याला न जुमानणारे जलरोधक प्रकारही मिळतात, त्यांना मात्र उष्णता लागते.

पिवळट रबरी गोंद : फोम, रेक्झिन, सनमायकाच्या कडा चिकटवायला वापरतात तो, उग्र वासाचा. नखाने ओढला की रबरासारखा ताणला जातो. हाही गुळाच्याच गटात. गरम केला की मऊ पडतो.

दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप : हिचा गोंद बहुधा ॲक्रिलिकचा असतो. थंड असताना हट्टी, गरम झाली की नरम.

सिलिकॉन : पारदर्शक किंवा पांढरा, दाबला की रबरासारखा उसळणारा. भाकरीच्या गटातला. पाणी, थिनर, हेअर ड्रायर, कशालाच दाद देत नाही. ब्लेडने कापूनच काढावा लागतो.

पॅनेलचा गोंद : खिळ्यांना पर्याय म्हणून ट्यूबमध्ये मिळणारा, गनने लावायचा. यात बरेच प्रकार आहेत. पॉलियुरेथेन आणि हायब्रिड पॉलिमरचे गोंद सुकल्यावर भाकरीच्या गटात जातात. भिंतीवरचे टणक पट्टे बहुतेक वेळा याचेच असतात.

इपॉक्सी : दोन ट्यूब मिसळून लावतात तो. दगडासारखा कडक. भिंतीवरून तो सुटा काढण्याचा नाद सोडलेलाच बरा. तो निघतो तो खालच्या थरासकटच.

डबा फेकून दिलाय आणि कोणता गोंद होता आठवत नाही? मग कोपऱ्यातल्या एका छोट्या डागावर तीन चाचण्या करा. नखाने दाबून पाहा, रबरी आहे की टणक. ओलं फडकं पंधरा मिनिटं ठेवून पाहा, फुगतो का. हेअर ड्रायरची गरम हवा एक-दोन मिनिटं देऊन पाहा, मऊ होतो का. या तिन्हींची उत्तरं मिळाली की पुढचा मार्ग बऱ्यापैकी स्पष्ट होतो.

व्हायरल हॅक्सचं काय?

खोबरेल तेल : काचेवरचं किंवा स्टीलच्या डब्यावरचं स्टिकर काढायला उत्तम. कारण काच आणि स्टील तेल शोषत नाहीत. भिंत शोषते. तेल रंगातून आत पुट्टीत उतरतं आणि तेलकट डाग पडतो. त्यावर नवा रंग नीट बसत नाही. गोंद जाईलच याची खात्री नाही, डाग मात्र नक्की.

व्हिनेगर : साध्या पांढऱ्या गोंदावर थोडंफार चालतं. पॉलियुरेथेन, सिलिकॉन किंवा इपॉक्सीवर त्याचा उपयोग नाही.

नेलपॉलिश रिमूव्हर : यात बहुधा ॲसिटोन असतं. ते गोंदाआधी तुमच्या इमल्शन रंगालाच विरघळवतं. गोंदाचा डाग तसाच राहतो आणि भोवती पुसट झालेल्या रंगाचं वर्तुळ तयार होतं.

पॉलिश पेपरने घासणं : सगळ्यांना सुचणारा आणि बहुतेक वेळा फसणारा उपाय. घासल्याने उष्णता तयार होते, रबरी गोंद मऊ होऊन कागदावर थापला जातो, कागद गुळगुळीत होतो आणि गोंद जास्त जागेवर पसरतो. दरम्यान आजूबाजूची पुट्टी गोंदापेक्षा मऊ असल्याने तीच आधी झिजते. शेवटी गोंद उंचवट्यावर आणि भोवती खड्डा.

वरून रंग मारून टाकणं : रंग उंचवटा झाकत नाही, फक्त रंगवतो. बाजूने उजेड पडला की प्रत्येक पट्टा उठून दिसतो. सिलिकॉनवर तर रंग धरतच नाही, थेंब थेंब होऊन बाजूला सरकतो.

थिनरचा विषय गंभीर आहे

'थिनर आण आणि पूस' हा सल्ला हार्डवेअरच्या दुकानात हमखास मिळतो. त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली भिंतीची. थिनर रबरी गोंदाला खरंच पातळ करतो. पण पातळ झालेला गोंद फडक्यावर जेवढा येतो, तेवढाच भिंतीच्या छिद्रांमध्येही झिरपतो. आधी पृष्ठभागावर असलेला गोंद आता आत गेलेला असतो आणि पुढे रंगाच्या थरांमधून पिवळट डाग वर येऊ शकतो.

दुसरी आगीची. ॲसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. अनेक थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनसाठी हा आकडा ४ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही खोलीत, उघडा डबा हा धोकाच. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि शेजारच्या खोलीतली समई, गॅसची शेगडी किंवा एखाद्या बटणाची ठिणगी तिला पुरते. थिनर आणि हीट गन एकत्र वापरणं म्हणजे तर आगीला आमंत्रणच.

तिसरी श्वासाची. बंद, एसी लावलेल्या खोलीत ही वाफ साचते. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही सुरुवातीची लक्षणं. 'थोडा वास येतोय' म्हणून दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही.

यातलं सगळ्यात धोकादायक रसायन म्हणजे मिथिलिन क्लोराइड, ज्याला डायक्लोरोमिथेनही म्हणतात. जुन्या पद्धतीच्या अनेक पेंट रिमूव्हरमध्ये ते असतं. शरीरात गेल्यावर त्याच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना लेप काढणाऱ्या किमान १३ कामगारांचा यामुळे मृत्यू झाल्याची नोंद आहे. कामाची जागा होती बाथरूम, म्हणजे लहान, बंद खोली. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना या रसायनाचे पेंट रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली आणि २०२४ मध्ये नियम आणखी कडक केले. त्यामुळे पेंट रिमूव्हर घेण्याआधी डब्यावरची घटकांची यादी वाचा. हे नाव दिसलं तर डबा परत ठेवा.

भिंतीच्या दोन हातभर तुकड्यासाठी एवढी जोखीम कशाला? विशेषतः जेव्हा थिनरशिवाय काम होऊ शकतं.

मग काढायचा कसा?

लागणारं सामान साधं आहे. धारदार कटर, रंगाऱ्याकडे असतो तसा रुंद पत्रा, हेअर ड्रायर, फडकं, पाण्याचा स्प्रे, डोळ्यांना चष्मा, जाड हातमोजे आणि एन-९५ मास्क. खाली जुनी चादर किंवा प्लास्टिक अंथरा.

१. आधी भोवती चीर द्या. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. गोंदाच्या पट्ट्याभोवती साधारण अर्धा सेंटिमीटर जागा सोडून कटरने चौकट आखा. चीर रंग आणि पुट्टी कापून गिलाव्यापर्यंत जायला हवी. त्यामुळे आतला भाग बाहेरच्या रंगापासून तुटतो. पुढे ओढताना पापुद्रा निघालाच, तर तो चौकटीपाशी थांबतो, भिंतभर फाटत जात नाही.

२. पॅनेल अजून लागलेलं असेल तर ओढू नका, कापा. पॅनेल आणि भिंत यांच्या फटीतून मासेमारीचा जाड तंगूस किंवा बारीक तार घाला. दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधा, म्हणजे हात कापणार नाहीत. मग करवतीसारखं मागेपुढे ओढत वरून खाली या. तार गोंदातूनच जाते, भिंतीवर ओढ येत नाही. फोम टेपसाठीही ही युक्ती चालते.

३. गोंद गुळाच्या गटातला असेल तर ऊब द्या. हेअर ड्रायर थोड्या अंतरावर धरून एका वेळी तळहाताएवढाच भाग गरम करा. मऊ झाला की पत्रा भिंतीला जवळजवळ समांतर धरून गोंदाखाली सरकवा. पत्रा जितका उभा, तितका खड्डा खोल. हीट गन असेल तर जपून. तिची हवा ५००-६०० अंशांपर्यंत जाऊ शकते. त्यात रंग करपतो, आणि जिप्समच्या गिलाव्यातलं पाणी निघून गेलं की तो भुसभुशीत होतो.

४. गोंद भाकरीच्या गटातला असेल तर आधी उंचवटा कापा. कटरच्या नव्या पात्याने किंवा धारदार पत्र्याने गोंद वरवर तासत भिंतीच्या पातळीवर आणा. पूर्ण काढण्याचा हट्ट नको. त्याच जागी पुन्हा पॅनेल किंवा कपाट येणार असेल, तर इथेच काम संपलं.

५. तरीही हटत नसेल तर गोंदाशी भांडू नका, त्याच्या खाली जा. आखलेल्या चौकटीच्या आत पत्र्याचं टोक पुट्टीखाली घाला आणि गोंद, रंग, पुट्टी हे तिन्ही एकत्र उचला. म्हणजे पुट्टीचा दोनेक मिलिमीटरचा थर तुम्ही स्वतःहून सोडून देताय. गिलावा मात्र शाबूत राहतो. पुट्टी स्वस्त असते आणि तासाभरात भरता येते. गिलावा फुटला तर गवंडी बोलवावा लागतो. हा हिशोब डोक्यात असला की काम निम्मं होतं.

एक गोष्ट विसरू नका. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि बाजूला भिंतीत वायरिंग असू शकतं. त्या पट्ट्यात छिन्नी-हातोडी चालवू नका आणि पाणी वापरायच्या आधी तिथला एमसीबी बंद करा.

आरसा असेल तर वेगळी काळजी

भिंतीला चिकटवलेला मोठा आरसा ओढून काढणं धोक्याचं आहे. मधला एखादा ठिपका सुटत नाही, काच वाकते आणि फुटते. आधी पूर्ण आरशावर रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावा, म्हणजे फुटलाच तरी तुकडे उडणार नाहीत. मग तारेने मागचा गोंद कापा. ड्रायर एकाच जागी धरू नका, एका बाजूने तापलेली काच तडकते. आणि हे काम एकट्याने करूच नका. एकाने फक्त आरसा धरायचा.

पार्टिशन जिप्सम बोर्डचं असेल तर?

बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ती वीट नाही, बहुधा जिप्सम बोर्ड आहे. या बोर्डाच्या दोन्ही बाजूंना जाड कागद असतो आणि त्याची ताकद त्या कागदातच असते. गोंद ओढला की कागद सोलला जातो आणि आतला तपकिरी थर दिसायला लागतो. त्यावर थेट पुट्टी लावली तर कागद पुट्टीतलं पाणी पितो आणि फुगे येतात. म्हणून आधी सुटे पापुद्रे कटरने कापा, उघड्या कागदावर प्रायमर मारून पूर्ण वाळू द्या आणि मगच पुट्टी. या बोर्डावर पाण्याचं फडकं ठेवून गोंद भिजवण्याचा प्रयोग करू नका, बोर्डच मऊ होईल.

घर जुनं असेल तर कोरडं खरवडू नका

भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाच्या प्रमाणावर कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेली ही मर्यादा आहे ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. त्याआधीच्या रंगांमध्ये, विशेषतः दारं-खिडक्या आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याला लावलेल्या चमकदार ऑइलपेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता जास्त. पिवळ्या, केशरी, लाल रंगछटांबाबत अधिक सावध राहा.

असा रंग कोरडा घासला की शिसं धुळीत मिसळतं. ती धूळ फरशीवर बसते, रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागते आणि तिथून तोंडात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीच पातळी माहीत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.

म्हणून जुन्या घरात नियम सोपा आहे. स्प्रेने पाणी मारत ओलं खरवडायचं, मशीनने घासायचं नाही, हीट गन वापरायची नाही. मुलं आणि गरोदर स्त्रिया त्या खोलीत नकोत. काम झाल्यावर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. पार्टिशन किंवा छताला ॲस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा असेल तर त्यावरचा गोंद घासू, कापू किंवा खरवडू नका. तो तसाच राहू द्या.

गोंदाने नव्हे, ओलीने पडलेली भिंत

पॅनेल काढल्यावर कधी कधी गिलाव्याची भुकटीच खाली येते. दोष गोंदावर आणि भाडेकरूवर येतो. पण नीट बघा. भिंतीवर पांढरी, खारट पावडर आहे का? दमट वास येतोय का? काळे ठिपके आहेत का? असं असेल तर भिंतीला लोणा लागलाय. बाहेरून किंवा बाथरूमच्या बाजूने पाणी झिरपतंय आणि पाण्यासोबत आलेले क्षार गिलावा आतून पोखरतायत. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे नेहमीचं आहे. पॅनेलने ते फक्त झाकलं होतं, आणि हवा न लागल्याने भिंत वाळायलाही मिळाली नाही.

अशा भिंतीवर लगेच पुट्टी लावू नका, ती काही दिवसांत फुगून पडेल. आधी गळती शोधायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग बाकीचं. आणि हो, काही भरायच्या आधी फोटो काढून ठेवा. डिपॉझिटच्या बोलणीत ही पांढरी पावडर तुमच्या बाजूचा पुरावा असते.

भिंत पूर्ववत कशी करायची?

गोंद गेला, आता चौकटीत उथळ खड्डे राहिलेत. सुटी धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. कडेचा रंग नखाने उचलून बघा, सुटत असेल तर तेवढा काढून टाका. सिलिकॉन होतं तिथे बोट फिरवून बघा, गुळगुळीत पडदा लागला तर तो थर खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग पुट्टीचे दोन पातळ हात द्या. एकाच जाड हातात खड्डा भरला तर वाळताना भेगा पडतात. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. वाळली की बारीक पॉलिश पेपरने समतल करा, इथे मात्र पॉलिश पेपर योग्य आहे. त्यावर प्रायमर आणि मग रंग.

शेवटची अडचण रंगाची. जुन्या रंगाचा कोड माहीत असला तरी दोन-तीन वर्षांत भिंतीवरचा रंग उतरलेला असतो. मधोमध ताजा ठिपका दिला की तो ठिगळासारखा दिसतो. म्हणून ठिपका न रंगवता ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवा. कोपऱ्यात छटेतला फरक डोळ्यांना जाणवत नाही.

आणि पुढच्या वेळी?

भाड्याच्या घरात काही चिकटवायच्या आधी दोन गोष्टी करा. पहिली, करार वाचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं बंधनकारक आहे. त्यात भिंतींविषयी आणि नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेविषयी काय लिहिलंय ते बघा. गोंदाने निघालेला रंग 'नेहमीची झीज' मानला जाईल अशी आशा ठेवू नका. घरमालकाची परवानगी व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या आणि राहायला येतानाचे भिंतीचे फोटो जपून ठेवा.

दुसरी, पॅनेल थेट भिंतीला चिकटवू नका. प्लायवूडची चौकट बनवून ती चार स्क्रूंवर टांगा आणि पॅनेल त्या प्लायवर चिकटवा. घर सोडताना चार स्क्रू काढायचे, चार भोकांत पुट्टी भरायची, आणि पॅनेलही सोबत न्यायचं. 'नो ड्रिल' ऐकायला सुरक्षित वाटतं, पण भरायला सोपं भोकच असतं. भोक पेन्सिलीच्या टोकाएवढं असतं, आणि गोंदाचा पट्टा निघताना हातभर भिंत घेऊन निघतो.